तिच्या वाटची फेरी

शुक्रवार

प्रिय भिंगरी,

मला पत्रं लिहायची सवय नाही. दुकानात लिहितो ते चष्म्याचे नंबर, आणि घरी लिहिण्यासारखं कधी काही नव्हतं, कारण आमच्या घरातलं सगळं बोलणं तुझी ताईच बोलायची. तुझं खरं नाव मला माहीत आहे, पण त्या नावाने मी तुला कधी हाक मारलेली नाही. तिने तुला भिंगरी केलं आणि आमच्याकडे तू तीच राहिलीस. खरं तर फोन करणार होतो, हातातही घेतला होता. पण फोनवर तू रडशील, मी गप्प बसेन, आणि सांगायचं ते राहून जाईल. म्हणून लिहितोय. पॅकिंगवाल्या मामांच्या हाती देतो, ते आज तुझ्याकडे आणून देतील.

सोमवारी कंपनीत तुझी चौकशी आहे हे मला कळलं. ते पुढे करतील त्या कागदावर मुकाट सही करायची असं तू ठरवलं आहेस, हेही कळलं. मामा काल दुकानात आले होते. म्हणाले, नंबर वाढलाय, जरा बघा. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, दिवा मालवला, समोरचा तक्ता लावला. दोनतीन ओळी वाचल्या आणि थांबले. मला वाटलं दिसत नाही, म्हणून काच बदलली. तर म्हणाले, "काच राहू द्या हो भाऊजी. भिंगरी सही करतेय. म्हणते, ताईला मीच मारलं, मग सही करायला माझं काय जातंय." अंधारात बोलायला त्यांना सोपं गेलं असावं. नंबर काही वाढला नव्हता. मी तसं सांगितलं तर म्हणाले, "ते मलाही माहीत होतं."

तेव्हापासून माझ्या डोक्यात तुझी ती सही आहे. आपल्या हाताने 'मी पट्टा काढून घेतला, त्यामुळे जीव गेला' असं मान्य केलंस की तू कामावरून जाशील ते जाशीलच, पण तिच्या मरणाचा विषयही तिथेच मिटेल. फाइल बंद. मग कुणाला काही विचारता येणार नाही.

ते पट्टे तू इतके दिवस घातलेस, तुला मी त्यांचं काय सांगणार. पण आमच्या घरात ते कसे आले ते सांगतो. एका संध्याकाळी ती मनगट चोळत आली. म्हणाली, "गोदामात आजपासून सगळ्यांना पट्टे. कुत्र्याला गळ्यात घालतात, आम्हाला हातात, तेवढा मान ठेवलाय." काळा रबरी पट्टा, त्यावर आकडा नाही, काटा नाही, काहीच नाही. आकडे वरच्या मजल्यावर दिसतात म्हणे. माणूस सामान काढत, ठेवत, चालत राहिला की पट्टा गप्प. थांबला की थरथरतो. तरीही थांबला तर छताच्या कर्ण्यातून आवाज येतो, अमुक गल्ली, काम थांबलंय. त्या आवाजाला ती आकाशवाणी म्हणायची. संडासात जरा वेळ लागला तरी आकाशवाणी. जेवायला बसलो की मला म्हणायची, "अहो, दोन घासांच्या मधे फार थांबता तुम्ही, वर दिसतंय हां." लेक ताटात तोंड घालून हसायची. तेव्हा ते गमतीचं होतं.

मग तिला धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप नीट मिटत नाही, औषधाने चालेल, पण दिवसभर चालायचं काम सोडा, बसून करायचं बघा. मी म्हटलं, नोकरीच सोड. त्यावर ती माझ्यावर चिडली होती. लग्नानंतर ती माझ्यावर खरोखर चिडल्याचे प्रसंग मला बोटांवर मोजता येतील, त्यातला हा. म्हणाली, "मी का सोडू? त्याच छताखाली बायका बसून लेबलं चिकटवतात, मलाही चिकटवता येतात. खुर्ची मागतेय, सिंहासन नाही." आणि तिने रीतसर अर्ज केला. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. कंपनीच्या डॉक्टरने तिला फोनवर तपासलं. फोनवर छातीचे ठोके कसे ऐकतात ते मला माहीत नाही. अर्ज विचाराधीन आहे, असं सांगितलं गेलं, आणि तो विचार बरेच दिवस चालू राहिला.

त्याच दिवसांत ती पहिल्यांदा पडली. हे तुला माझ्याहून जास्त माहीत आहे, पण तरी लिहितो, कारण सोमवारी हे तुझ्या तोंडून बाहेर पडायला हवं. पट्टा तेव्हा तिच्याच हातावर होता. नीट बसवलेला, चालू. ती दोन मांडण्यांच्या मधे खाली बसली आणि मग आडवी झाली. पट्टा थरथरला. मग आकाशवाणी झाली, गल्लीचा नंबर आणि काम थांबलंय. मग पुन्हा तेच, जरा मोठ्याने. कुणी आलं नाही. आलीस तू, पलीकडच्या गल्लीतून, आणि तुझी गल्ली सोडल्याबद्दल तुला वर बोलावून समज दिली. ही गोष्ट घरी सांगताना ती हसत होती, पण पाणी पिताना भांडं दोन्ही हातांनी धरलं होतं. म्हणाली, "मी आडवी पडलेय आणि वरून बाई मला सांगतेय, काम थांबलंय. मला वाटलं, मेल्यावर असंच असणार."

दुसऱ्या दिवशी तू तिला म्हणालीस, "ताई, आणा इकडे तो पट्टा." तुमच्यात ही पद्धत आधीपासून होती, मला नंतर कळलं. कुणाच्या पोटात दुखतंय, कुणाचे पाय सुजलेत, कुणाला घरून वाईट बातमी आलीय आणि जरा भिंतीकडे तोंड करून उभं राहायचंय, तर शेजारच्या माणसाने त्याचा पट्टा आपल्या दुसऱ्या हातात चढवायचा आणि आपलं काम करत राहायचं. 'फेरी देणं' म्हणायचात तुम्ही त्याला. का, कशाला, कुणी विचारत नसे. कोण कोणाची फेरी चालतंय हे गोदामात सगळ्यांना ठाऊक, फक्त वरच्या मजल्याला सोडून. तू तिची फेरी चालायला लागलीस आणि रोज तेवढा वेळ ती मागच्या भिंतीपाशी, घडी केलेल्या खोक्यांच्या थप्पीआड बसायची. घरी येऊन तुझी नक्कल करायची, दोन्ही मनगटं पुढे धरून तुरुतुरु चालायची. तू एकदा तिला म्हणालीस ना, "ताई, आज तुम्ही माझ्या हातावर काय पळालात!" ते वाक्य आमच्या घरात कितीतरी दिवस चाललं.

सुट्टीच्या दिवशी तू यायचीस तेव्हाही उभीच. ओट्याला टेकून, दाराला टेकून. ती म्हणायची, "बस गं बाई, इथे आकाशवाणी नाही." तरी तू खुर्चीच्या कडेवर टेकायचीस आणि पाय हलवत राहायचीस. मी तेव्हा वर्तमानपत्र वाचत असायचो. तुझ्याशी मी फारसं बोललो नाही, पण तू आलीस की घरात बरं वाटायचं, हे कधी सांगायचं सुचलं नाही.

त्या दिवसाबद्दल मी जास्त लिहिणार नाही. पाळी संपल्याचा भोंगा झाला आणि तू पट्टा परत द्यायला खोक्यांमागे गेलीस. ती भिंतीला टेकून बसली होती, बूट काढून शेजारी नीट ठेवलेले. एवढं मला मामांनी सांगितलं.

तिचं सामान आणायला मी गेलो तेव्हाचं तुला माहीत नसेल. दारावरच्या रखवालदाराने माझ्या हातात पट्टा बांधला. पाहुण्यांचे पास संपलेत, हाच घाला, म्हणाला, आत सोडायचं तर काहीतरी हवंच. मग मला एका खोलीत बसवलं. तिची पिशवी आणून दिली, त्यात डबा, कंगवा, एक सुती रुमाल. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. किती वेळ ते कळलं नाही. तर हाताला काहीतरी थरथरलं. मी दचकलो. रखवालदार दारातून हळूच म्हणाला, "साहेब, जरा हात हलवा, नाहीतर वर दिसतं." वाईट नव्हता तो माणूस. आणि भिंगरी, मी हलवला हात. बायकोची पिशवी मांडीवर धरून मी हात हलवत बसलो. हे मी लेकीलाही सांगितलेलं नाही.

नंतर मऊ बाई घरी आली. तिथल्या माणसांचं खातं बघणारी ती बाई. हे नाव तुमच्या ताईनेच ठेवलेलं, 'लोण्यात सुरी घालावी तशी बोलते' म्हणून. ती फुलं घेऊन आली. बसली, लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, कंपनी हे वाया जाऊ देणार नाही. यापुढे सगळ्यांच्या पट्ट्याला कुलूप असेल, आत येताना लागेल आणि बाहेर जाताना उघडेल, म्हणजे असं पुन्हा घडणार नाही. सुरक्षा सप्ताहात त्याचं उद्घाटन आहे. त्यासाठी तुमच्या ताईचा फोटो हवा, हसरा असला तर बरं. आणि मी दोन शब्द बोललो तर कामगारांवर चांगला परिणाम होईल. मग ती बाई तुमच्या ताईची स्तुती करायला लागली. फार मेहनती होत्या, आम्हाला त्यांचा अभिमान होता, शेवटच्या काही आठवड्यांत तर आकडे इतके सुधारले होते, थांबतच नव्हत्या. आणि लेक हसली. इतकी मोठ्याने हसली की मऊ बाईने पाठीवरचा हात काढून घेतला. लेक म्हणाली, "ती भिंगरी मावशी होती. तुम्ही मावशीची स्तुती करताय." मग ती आत गेली आणि उशीत तोंड घालून बराच वेळ ते हसणं की रडणं चालू होतं. मऊ बाई उठली. फोटो मी दिला नाही. त्यांच्याकडे ओळखपत्रावरचा होता, तोच मोठा करून लावला, असं मामा सांगतात. खाली लिहिलंय, पट्टा हातावर असता तर मदत वेळेत पोचली असती. रोज आत जाताना सगळे तिच्या तोंडाकडे बघत मनगटाला कुलूप लावून घेतात. जिने आयुष्यात शेजारणीला कपात साखर कमी टाकू का असं विचारल्याशिवाय चहा दिला नाही, तिच्या नावाने एवढ्या माणसांना बांधून ठेवलंय. आता कुणाच्या पोटात दुखलं तरी कुणी कुणाची फेरी चालू शकत नाही.

मला तुझा राग आला नव्हता असं मी लिहिणार नाही. पहिल्या दिवसांत तू समोरच्या फुटपाथवर येऊन उभी राहायचीस ते मी खिडकीतून बघत होतो. लेकीने पडदा ओढला. म्हणाली, "बाबा, तिला आत घेतलंत तर मी जेवणार नाही." मीही पडदा उघडला नाही. तू वर आली असतीस तर मी काय बोललो असतो मला ठाऊक नाही. मला सारखं वाटायचं, पट्टा तिच्या हातावर असता तर. मग ती पहिल्यांदा पडली तो दिवस आठवायचा, आणि पट्टा तिच्या हातावर असतानाही काय झालं ते आठवायचं. या दोन गोष्टींच्या मधे मी बरेच दिवस येरझारा घातल्या. आता नाही घालत. माफी वगैरे शब्द मला लिहिता येत नाहीत, आणि तुला माफ करण्यासारखं काही आहे असंही वाटत नाही. झडप तिची बिघडलेली होती, ती तू बिघडवली नव्हतीस. तू होतीस म्हणून ती शेवटी बसलेली होती. नसतीस तर त्या दोन मांडण्यांच्या मधे चालता चालता पडली असती आणि वरून कुणीतरी सांगितलं असतं, काम थांबलंय. लेकीचं म्हणशील तर मऊ बाई येऊन गेल्यापासून ती पडद्याला हात लावत नाही. परवा तिने आपणहून विचारलं, मावशीला दुसरीकडे काम मिळेल का. तेवढंच. ती माझ्यासारखी आहे, तिला वेळ लागतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तिने मला बजावलं होतं की हे तुला सांगायचं नाही, आणि तिचा शब्द मी आज मोडतोय. तिच्या खुर्चीच्या अर्जाचं उत्तर ती गेली त्याच्या आधीच्याच आठवड्यात आलं होतं. मऊ बाईने तिला वर बोलावून नाही म्हणून सांगितलं. कारण दिलं की तिचे आकडे सुधारलेत, थांबणं कमी झालंय, म्हणजे प्रकृतीची अडचण दिसत नाही. ते आकडे तुझे होते, भिंगरी. त्या संध्याकाळी ती घरी आली, पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "ती पोरगी इतकं छान चालते की मी बरी झाले." मग हसायची थांबली आणि म्हणाली, "तिला कळू देऊ नका हां. रडत बसेल आणि माझी फेरी सोडेल." सोमवारी ते हेच तुझ्यासमोर ठेवणार आहेत, मामांनी वरच्या मजल्यावर चहा नेणाऱ्या बाईकडून ऐकलंय. तू चालली नसतीस तर त्यांना खुर्ची मिळाली असती, असं मऊ आवाजात सांगतील, तू मोडशील आणि सही करशील, असा त्यांचा डाव आहे. म्हणून ते आधी माझ्याकडून ऐक, घरात, दार लावून, रडायचं तेवढं रडून घे. आणि मग हे लक्षात ठेव, की त्या दिवशी ती जिना चढून वर गेली होती. मऊ बाईच्या टेबलासमोर उभी होती आणि धापेमुळे तिला एक वाक्य पुरं करता येत नव्हतं. मऊ बाईने संगणकाच्या पडद्याकडे बघत तिला सांगितलं की तुम्ही ठणठणीत आहात. पडद्यावर तू होतीस, समोर ती होती, आणि बाईने मान वर केली नाही. मला हे त्यांच्या तोंडावर विचारायचं आहे. चौकशीला सोबत एक माणूस नेता येतो. तिथलं कुणी येणार नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. कंपनीने मलाही सोमवारी बोलावलंय, मयताचा नवरा म्हणून, त्यांच्या बाजूने सांगायला. मी येणार आहे, पण तुझ्या शेजारी बसणार आहे. सोबतीचं नाव उद्यापर्यंत कळवावं लागतं, तिथे माझं नाव दे. सोमवारी दुकान बंद ठेवतो, सकाळी आमच्याकडेच ये, लेक दार उघडेल. आणि तोवर, कुणी कितीही गोड बोललं तरी, कशावरही सही करू नकोस.

तुझाच,
भाऊजी